चित्र उतरवण्याआधी ते वाचा

जोसेफ ब्लॅक हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या तोंडी नाही. पण काचेच्या नळीतून चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ होताना ज्यांनी शाळेत पाहिली, त्यांनी ब्लॅकचाच प्रयोग केला आहे. चुनखडी तापवल्यावर जो वायू निघून जातो तोच आपल्या उच्छ्वासातही असतो, हे या स्कॉटिश माणसाने 1750च्या दशकात दाखवलं. तो वायू म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड. बर्फ वितळताना उष्णता घेत राहतो पण त्याचं तापमान चढत नाही, ही दहावीच्या पुस्तकातली अप्रकट उष्मा, तीही त्याचीच. या माणसाचं एक कोरीव चित्र दोनशेहून अधिक वर्षं फिरतं आहे. हेन्री रेबर्नने रंगवलेल्या व्यक्तिचित्रावरून लंडनच्या जेम्स हीथने ते पत्र्यावर कोरलं. पुस्तकांत, ज्ञानकोशांत, व्याख्यानांच्या पडद्यांवर, रसायनशास्त्राच्या इतिहासाचा विषय निघाला की हा चेहरा समोर येतोच. आणि अशा चेहऱ्यांचं करायचं काय, यावर गेली काही वर्षं जो वाद चालला आहे, तो दोन्ही बाजूंनी फार वाईट पद्धतीने लढवला जातो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ब्लॅकचं चित्र उतरवू नये. पण ते आज जसं टांगलं जातं, चेहरा, खाली नाव आणि जन्म-मृत्यूची सालं, तसंच ठेवायलाही माझा विरोध आहे. ते पुरावा म्हणून ठेवावं, आणि पुरावा वाचायचा कसा ते मुलांना शिकवावं. वाद घालणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणीच हे करायला तयार नाही, कारण सगळ्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे: हा माणूस मान देण्याच्या लायकीचा होता की नव्हता?

या वादाची आजची धार आली ती ब्लॅकने जिथे शिकवलं त्या एडिनबरातूनच. सप्टेंबर 2020मध्ये तिथल्या विद्यापीठाने डेव्हिड ह्यूम टॉवर या इमारतीचं नाव काढून तिला 40 जॉर्ज स्क्वेअर असं नाव दिलं. कारण होतं तत्त्वज्ञ ह्यूमची एक तळटीप, ज्यात त्याने काळ्या माणसांना जन्मतःच गोऱ्यांहून हीन ठरवलं होतं. ह्यूमच्या 1776मधल्या शेवटच्या आजारपणात त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर म्हणजे हाच जोसेफ ब्लॅक. अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथचाही तो जिवलग. स्मिथने मरणाआधी आपली हस्तलिखितं जाळून टाकायला सांगितली तेव्हा ती जाळणाऱ्या दोघांपैकी एक ब्लॅक होता. म्हणजे या मंडळींपैकी एकावर प्रश्न आला की बाकीचे त्यातून सुटत नाहीत. तिकडचा वाद इकडे येताना त्याला आणखी एक फाटा फुटला. प्रयोगशाळेच्या भिंतीवर हे गोरे चेहरे कशाला, त्यांच्या जागी आपले नागार्जुन आणि कणाद लावा, असं म्हणणाऱ्यांची संख्या आपल्या समाजमाध्यमांवर मोठी आहे. त्यांना उत्तर देणारे दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतात की विज्ञानाला देश नसतो, जात नसते, रंग नसतो, तेव्हा चित्रांवरून वाद घालणंच मूर्खपणाचं. तिन्ही बाजूंनी चित्राकडे एकदा तरी नीट पाहिलं असतं तर तिघांनाही थोडं थांबावं लागलं असतं.

चित्र उतरवा म्हणणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी घेऊ, कारण तो खरा आहे. भिंत शिकवते. वर्षानुवर्षं एकाच प्रकारच्या चेहऱ्यांखाली बसणाऱ्या मुलीला, शोध लावणारा माणूस कसा दिसतो हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. तिच्यासारखी दिसणारी, तिच्या घरातल्यासारखं आडनाव असणारी व्यक्ती त्या रांगेत नाही, हे तिला न सांगता कळतं. आणि ज्या शहरांत ब्लॅक शिकवत होता त्यांचा पैसा कुठून येत होता? ब्लॅक ग्लासगोत होता तेव्हा ते शहर तंबाखू आणि साखरेच्या व्यापारावर वाढत होतं, आणि ती तंबाखू, ती साखर गुलामांच्या श्रमाची होती. ग्लासगो विद्यापीठाने 2018च्या आपल्या अहवालात स्वतःच मान्य केलं की गुलामगिरीतून आलेल्या पैशाचा त्याला घसघशीत लाभ झाला. हे ‘तेव्हाचा काळच तसा होता’ म्हणून झटकून टाकता येत नाही. तेव्हाच्या काळातही गुलामगिरीविरुद्ध बोलणारे होते, आणि गुलाम तर होतेच, त्यांचं मत कुणी विचारलं नाही इतकंच.

हे सगळं मान्य करून मी विचारते: मग चित्र उतरवल्याने यातलं काय बदलतं? भिंतीवरची जागा रिकामी होते. पैसा कुठून आला, कुणाला चेहरा मिळाला आणि कुणाला नाही, हे सांगणारी एक वस्तू मात्र डोळ्यांआड जाते. आणि ही वस्तू बरंच सांगते. ती कशी बनली ते बघा.

कोरीव चित्र म्हणजे चित्रकाराने कागदावर काढलेलं चित्र नव्हे. धातूच्या गुळगुळीत पत्र्यावर कोरक्या टोकदार पोलादी कोरणीने बारीक रेघा आणि ठिपके खोदतो. सावली गडद हवी तिथे रेघा दाट, उजेड हवा तिथे विरळ. छापताना उजवं-डावं उलटतं, म्हणून सगळं उलट कोरावं लागतं. मग पत्र्यावर शाई चोळायची, वरची पुसून काढायची, खाचांत उरलेली ओल्या कागदावर दाबून उचलायची. महिनोन्‌महिन्यांचं, कुशल आणि महागडं काम. ते कुणी उगाच करत नाही. कुणीतरी पैसे दिल्याशिवाय, कुणाला तरी त्याचे ठसे हवे असल्याशिवाय असा पत्रा कोरलाच जात नाही. म्हणून अशा चित्रासमोर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न हा असायला हवा की हे कुणाला हवं होतं, आणि नेमकं तेव्हाच का?

ब्लॅक 1799च्या डिसेंबरात गेला. 1803मध्ये एडिनबरातून त्याची रसायनशास्त्राची व्याख्यानं दोन खंडांत निघाली, आणि हीथने कोरलेला हा चेहरा त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठासमोर बसला. संपादक होता जॉन रॉबिसन, ब्लॅकचा विद्यार्थी आणि मित्र. आता हे ध्यानात घ्या की ब्लॅकने हयातीत फार थोडं छापलं. चुना आणि मॅग्नेशियावरचा मोठा निबंध 1756चा. त्यानंतर उकळून थंड केलेल्या पाण्याच्या गोठण्यावर एक लेख, आइसलंडच्या गरम झऱ्यांच्या पाण्यावर एक, आणि जवळपास तेवढंच. अप्रकट उष्मेवर, म्हणजे ज्यासाठी त्याला आज ओळखतात त्यावर, त्याने स्वतः एक ओळही छापून आणली नाही. तो ती वर्गात शिकवत राहिला. विद्यार्थी टिपणं उतरवून घेत, ती टिपणं विकली जात, नकलून काढली जात, आणि 1770मध्ये लंडनमध्ये त्यांवरून एक निनावी पुस्तकही कुणीतरी परस्पर छापलं. दरम्यान स्वीडनमध्ये योहान व्हिल्के याने बर्फाच्या वितळण्याचा तोच शोध स्वतंत्रपणे लावून 1772मध्ये प्रसिद्धही केला. तिकडे पॅरिसमध्ये लाव्हॉझिएने नवं रसायनशास्त्र उभं केलं होतं, आणि त्याने ब्लॅकचं देणं नीट मानलं नाही असा रॉबिसनचा संताप होता.

म्हणजे त्या ग्रंथाच्या सुरुवातीला बसवलेला चेहरा हा एका वादातला पुरावा म्हणून पुढे केलेला होता: शोध आमच्या माणसाचा आहे, हा बघा तो. ग्रंथ जेम्स वॉटला अर्पण केला होता, आणि वाफेच्या इंजिनातल्या वॉटच्या सुधारणेचं मूळ ब्लॅकच्या शिकवणीत आहे असं रॉबिसनला दाखवायचं होतं. स्वतः वॉटने पुढे स्पष्ट केलं की आपण ब्लॅकच्या व्याख्यानांना बसलो नव्हतो आणि वाफ थंड करणाऱ्या वेगळ्या कंडेन्सरची कल्पना आपल्याला अप्रकट उष्मेच्या सिद्धांतातून सुचली नाही. ब्लॅकशी गप्पा झाल्या, त्याने मदत केली, पैसेही उसने दिले, हे सगळं वॉटने मानलं. पण गुरूने सांगितलं आणि शिष्याने इंजिन केलं ही गोष्ट त्याने नाकारली. ही गोष्ट अजूनही कित्येक पुस्तकांत तशीच सापडते. तिचा उगम शोधायचा तर पुन्हा त्याच ग्रंथाशी, त्याच चेहऱ्यामागच्या पानांशी यावं लागतं. चित्र नजरेआड केलं की हे शिकवायला हातात काय उरतं?

मोठेपणाची अशी रचना करणारे रॉबिसन एकटे नव्हते. लाव्हॉझिए आणि त्याची पत्नी मारी-अॅन यांचं जाक-लुई दाव्हिदने 1788मध्ये काढलेलं भव्य चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. मेजावर काचेची उपकरणं, विद्वान नवरा, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी बायको. 2021मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी रंगाखालचे थर तपासले, तेव्हा आधीचं चित्र वेगळंच निघालं. मारी-अॅनच्या डोक्यावर पिसांची मोठी फॅशनेबल टोपी होती आणि उपकरणं नव्हती. कर गोळा करणाऱ्या श्रीमंत कंपनीतला भागीदार आणि त्याची बायको म्हणून सुरू झालेलं चित्र पुढे वैज्ञानिक जोडप्याचं केलं गेलं. त्याच करवसुलीपायी लाव्हॉझिए 1794मध्ये गिलोटिनखाली गेला. आणि मारी-अॅन? लाव्हॉझिएच्या 1789च्या ग्रंथातली उपकरणांची चित्रं तिने स्वतः काढली, स्वतः पत्र्यावर कोरली, आणि त्यांवर स्वतःची सही केली. आपण जिला नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवलेली बाई म्हणून बघतो तिच्या हातात कोरणी होती. हे कळायला चित्र समोर असावं लागतं, आणि त्याच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचायची सवय असावी लागते.

एडिनबरात त्याच काळी एक उलटा प्रकारही चालू होता, तो मला फार मोलाचा वाटतो. जॉन के नावाचा माणूस, मूळ धंद्याने न्हावी. शहरातल्या बड्या लोकांची हजामत करता करता त्याने त्यांचे चेहरे टिपले आणि पुढे तांब्याच्या पत्र्यांवर त्यांची चित्रं कोरून दुकानाच्या खिडकीत विकायला लावली. 1787मध्ये त्याने ब्लॅक आणि भूशास्त्रज्ञ जेम्स हटन यांना समोरासमोर बसवून एक चित्र केलं. कुणा ग्रंथासाठी ते केलेलं नव्हतं, त्यात ब्लॅकचा कुठला दावा सिद्ध करायचा नव्हता. शिष्याने करवून घेतलेला चेहरा आणि न्हाव्याने पाहिलेला चेहरा शेजारी शेजारी ठेवले तर दहावीतली मुलंही दोहोंतला फरक सांगतील. मग हे आपण का करत नाही?

आता दुसरी बाजू, जिला वाटतं की हा सगळा खटाटोप फालतू आहे, कारण विज्ञान चेहऱ्यावर अवलंबून नसतं. यातला खरा भाग मला मनापासून मान्य आहे, आणि तो ब्लॅकच्याच तराजूवर तोलून दाखवता येतो. त्याने 120 ग्रेन (ग्रेन हे जुनं, बारीक वजनमाप) वजनाचा खडू भाजून त्याचा कळीचा चुना केला. तो भरला 68 ग्रेन. हरवलेलं वजन गेलं कुठे? आगीने चुन्यात काहीतरी जहाल शिरतं म्हणून तो चरचरतो, असं तेव्हा मानलं जाई. पण काही शिरलं असतं तर वजन वाढायला हवं होतं. ब्लॅकने तो चुना सौम्य अल्कलीच्या पाण्यात टाकला, धुतला, वाळवला आणि पुन्हा तोलला. 118 ग्रेन. जे निघून गेलं होतं ते जवळजवळ सगळं परत आलं होतं, आणि चुना पुन्हा खडू झाला होता. ब्लॅकने त्या वायूला ‘फिक्स्ड एअर’ म्हटलं, पदार्थात बांधलेली हवा. हवा हा एकच पदार्थ आहे ही जुनी समजूत इथून ढासळायला लागली. त्याच्याच विद्यार्थ्याने, डॅनियल रदरफर्डने, 1772मध्ये नायट्रोजन वेगळा ओळखला. ग्लासगोतला बर्फाचा प्रयोग असाच लख्ख आहे. काचेचे दोन सारखे गोळे, प्रत्येकात सारखंच पाणी, एकातलं गोठवलेलं आणि दुसऱ्यातलं गोठणबिंदूच्या किंचित वर. दोन्ही 47 अंश फॅरनहाइट तापमानाच्या दालनात टांगले. पाणी अर्ध्या तासात 7 अंश चढून 40 अंशांवर आलं. बर्फाला तिथवर यायला साडेदहा तास लागले. बाकी हिशेब कुणीही करावा.

ही वजनं तोलणारा बोर्दोत जन्मलेला दारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा होता की आणखी कुणी, याने 68चे 70 होत नाहीत. मान्य. पण मग मला एक सांगा. चेहरा जर इतका बिनमहत्त्वाचा असेल तर तो दोनशे वर्षं छापला का जातो? आणि उतरवा म्हटल्यावर तुम्ही इतके का चिडता? जे शास्त्रात नसतं ते चित्रात नक्कीच असतं: देश, वर्ग, लिंग, पैसा. चित्र भिंतीवर लावायचं आणि वर म्हणायचं की त्याला काही अर्थ नाही, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

आणि याचा अगदी आपल्या घरचा दाखला आहे. 1792मध्ये टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या इंग्रजांच्या नोकरीतल्या दोन डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया पाहिली. मुंबईत आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स, ज्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढली तोच, त्याने कावसजीला समोर बसवून चित्र काढलं. ऑक्टोबर 1794मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिगत चित्रासकट छापली गेली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यविशारदाने मृत शरीरांवर सराव केला, आणि 1814मध्ये तशी शस्त्रक्रिया इंग्लंडात केली. युरोपातली प्लास्टिक सर्जरी नव्याने उभी राहिली ती इथून.

या सगळ्यात कुणाकुणाची नावं आपल्याला माहीत आहेत? रुग्णाचं. पाहणाऱ्या दोघांचं. चित्रकाराचं. मासिकाचं. लंडनच्या सर्जनचं. आणि ज्याच्या हातांनी ते नाक केलं त्याचं? त्या मजकुरात त्याची ओळख एवढीच आहे की तो पुण्याजवळचा, विटा भाजणाऱ्या जातीचा होता. नाव नाही. चेहरा नाही. ब्लॅकचं चित्र ज्या दशकाच्या शेवटी कोरलं गेलं त्याच दशकातली ही गोष्ट, त्याच कलेतली, चित्रकारही स्कॉटिशच. ब्लॅकसाठी रेबर्न, हीथ आणि दोन खंड. आपल्या कारागिरासाठी एक जात आणि एक गाव. हे वाचून माझा जीव तुटतो, आणि तो तुटायलाच हवा असं मला वाटतं.

पण इथेच चित्र उतरवा म्हणणाऱ्यांनी थांबून विचार करावा. कावसजीचं ते चित्र वसाहतकाळातलं आहे. आपल्या माणसाला नमुन्यासारखं मांडणारं आहे. काम करणाऱ्याला त्याने वगळलं आहे. ब्लॅकच्या चित्रावर घेता येईल असा प्रत्येक आक्षेप त्यावर दुप्पट जोराने घेता येतो. आणि तरी तो निनावी कारागीर होऊन गेला, त्याचं कौशल्य तेव्हाच्या युरोपला अवगत नव्हतं, हे जगाला सांगणारं ते चित्र आणि त्याबरोबरचा मजकूर हाच सगळ्यात ठोस धागा आहे. ज्या कागदाने त्याला वगळलं त्याच कागदात तो सापडतो. तो कागद लाज वाटते म्हणून बाजूला सारला तर त्या माणसाचं काय राहील? मुंबईतल्या हेलेनस स्कॉट या डॉक्टरने इथलं वूट्झ पोलाद लंडनला पाठवलं, त्यावर जॉर्ज पिअर्सनने 1795मध्ये शोधनिबंध छापला, त्यातही ते पोलाद घडवणाऱ्याचं नाव नाही. तिथेही तसंच. पुरावा अपुरा आहे, अन्याय करणारा आहे, पण आहे.

नागार्जुनाचं चित्र लावा म्हणणाऱ्यांनाही माझं उत्तर इथूनच सुरू होतं. भारतात रसायनविद्येची मोठी परंपरा होती, यात वादच नाही. राजस्थानातल्या झावरला जस्ताचं ऊर्ध्वपातन युरोपच्या कितीतरी आधी मोठ्या प्रमाणावर होत होतं; मातीच्या भट्ट्यांचे आणि मुशींचे ढीग तिथे आजही आहेत. पण नागार्जुनाचा चेहरा कसा होता हे कुणालाच ठाऊक नाही. जे लावलं जाईल ते कुणा चित्रकाराच्या कल्पनेतलं. प्रयोगशाळेत, जिथे मुलांना जे मोजलं तेच लिही असं शिकवायचं, तिथे कल्पनेतला चेहरा खरा म्हणून लावायचा? त्यापेक्षा झावरच्या मुशीचा फोटो लावा. तो खरा आहे, आणि तो घडवणाऱ्या हातांचा आहे.

या बाबतीत रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र रायांचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. ते एडिनबरात शिकले, 1887मध्ये तिथून डी.एस्सी. झाले. त्यांचे प्राध्यापक होते अलेक्झांडर क्रम ब्राउन, म्हणजे ज्या अध्यासनावर एकेकाळी ब्लॅक बसला होता त्यावरच बसलेले. परत आल्यावर रायांनी ब्लॅकचं चित्र उतरवा अशी मागणी केली नाही, की भारतीय ऋषींचे काल्पनिक चेहरेही रंगवून घेतले नाहीत. त्यांनी जुनी हस्तलिखितं गोळा केली, तपासली, आणि 1902 व 1909मध्ये हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड लिहिले. शिवाय आपल्याकडची रसायनविद्या पुढे का खुंटली, याचं एक कारण त्यांनी जातिव्यवस्थेत शोधलं: हाताने काम करणारे आणि विचार करणारे वेगळे पडले. पुण्याजवळचा तो निनावी कारागीर आठवतो की नाही? त्याचं नाव इंग्रजांनी लिहिलं नाही हे खरं, पण आपल्यापैकी लिहिता येणाऱ्या कुणीतरी लिहून ठेवलं होतं का?

तेव्हा मागणी काय करायची, ते नेमकं सांगते. टॉवरचं नाव बदलून इमारतीला पत्त्याचा आकडा देणं हा एडिनबराचा उपाय मला पोकळ वाटतो. त्या आकड्याने कुणाला ना ह्यूम कळतो ना त्याची तळटीप. ग्लासगोने केलं ते अधिक प्रामाणिक आहे. त्यांनी आधी हिशेब मांडला, तो छापला, 2019मध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाबरोबर 20 वर्षांत 2 कोटी पौंडांच्या कामाचा करार केला, आणि नव्या अध्ययन इमारतीला जेम्स मॅक्यून स्मिथचं नाव दिलं. हा गुलामगिरीत जन्मलेला न्यूयॉर्कचा मुलगा, त्याला अमेरिकेतल्या महाविद्यालयांनी घेतलं नाही म्हणून ग्लासगोला आला आणि 1837मध्ये तिथून डॉक्टर झाला. ग्लासगोच्या रसायनशास्त्राच्या इमारतीवर ब्लॅकचं नाव आहे. दोन्ही नावं एकाच आवारात आहेत, आणि एकाने दुसऱ्याला झाकलेलं नाही.

आपल्याकडे याची सुरुवात पाठ्यपुस्तकातल्या शास्त्रज्ञांच्या परिचयाच्या चौकटीपासून करता येईल. तिथे चेहरा असतो, नाव असतं, दोन ओळी असतात. चित्र कुणी काढलं, कधी, कुणासाठी, हे सांगणारी ओळ मला अजून दिसलेली नाही. ती एक ओळ घाला. ब्लॅकच्या चित्राखाली ती अशी असू शकते: रेबर्नच्या चित्रावरून जेम्स हीथने कोरलेलं; शोधाचं श्रेय ब्लॅकचं आहे हे सांगण्यासाठी त्याच्या विद्यार्थ्याने 1803मध्ये छापलेल्या ग्रंथातलं. शेजारी जॉन केचं चित्र द्या. आणि शल्यक्रियेचा विषय येईल तिथे कावसजीचं चित्र द्या, त्याखाली स्पष्ट लिहा की शस्त्रक्रिया करणाऱ्याचं नाव नोंदवलं गेलं नाही.

यावर शिक्षक म्हणतील की अभ्यासक्रम पुरा करायला वेळ नाही, त्यात चित्रांच्या गोष्टी कुठून आणायच्या. त्यांची अडचण खरी आहे. एका वर्गात साठ-सत्तर मुलं, एक तराजू आणि परीक्षा डोक्यावर, हे मला माहीत आहे. पण ब्लॅकचे आकडे फळ्यावर लिहायला किती वेळ लागतो? 120 ग्रेन खडू, 68 ग्रेन चुना. वजन किती टक्के घटलं ते मुलांना काढू द्या, 43 येईल. मग कॅल्शियम कार्बोनेटच्या सूत्रावरून किती घटायला हवं ते काढू द्या, 44 येईल. अणुभारांचा तक्ता नसताना, सूत्र नसताना, एका माणसाने तराजूवर इतकं जवळचं उत्तर कसं गाठलं असेल, हे विचारा. आणि त्याच तासाला चित्र दाखवून विचारा की तराजू याच्या हातात का दिसत नाही, खडू भाजायची भट्टी कुणी पेटवली असेल, आणि हा चेहरा छापायला पैसे कुणी दिले असतील. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मुलं गणिताने काढतील. नंतरच्या तीनपैकी एकाचं उत्तर तरी अंदाजाने द्यावं लागेल, आणि आपण अंदाज करतो आहोत हे त्यांना वहीत तसं लिहू द्या.